फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये येते?

५ जुलै २०२५, शनिवार. सकाळी एका मुलाखतीतली चार मिनिटांची क्लिप कापायला बसले होते. दुपार झाली तरी ती पडद्यावर सलग चालेना. बोलणाऱ्या आजी एक वाक्य म्हणायच्या, चित्र थिजायचं, आवाज पुढे जायचा. माझा संगणक २०१४ चा होता: इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५ आणि ८ जीबी रॅम. मधे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली म्हणून त्याने इतकी वर्षं साथ दिली. पण वर्षाच्या सुरुवातीला नवा कॅमेरा घेतला आणि त्याच्या फाइली या संगणकाला झेपेनात. रात्रभर यंत्र चालू ठेवून प्रत्येक फाइलची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, बनवायची आणि सकाळी तिच्यावर काम करायचं, असं सहा महिने चाललं होतं. त्यात विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तोही रस्ता बंद.

सुटे भाग आणून संगणक जुळवायचं ठरवलं. माहिती हवी तेवढी मिळत होती. अडत होतं ते कुणाचं ऐकायचं यावर. मी त्यातच तीन आठवडे घालवले, म्हणून हे तारीखवार लिहितेय.

पहिला सल्ला घेतला भाच्याचा. तो गेम खेळतो, स्वतःचा संगणक त्याने स्वतः जुळवलाय. त्याने एका संध्याकाळी यादी करून दिली: एएमडीचा आठ कोअरचा, मोठ्या कॅशचा (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ‘एक्स३डी’ प्रोसेसर आणि बजेटचा निम्मा भाग खाणारं ग्राफिक्स कार्ड. ‘मावशी, याच्यावर सगळं पळतं,’ म्हणाला. मनापासून सांगत होता आणि त्याच्या कामासाठी ते बरोबरही होतं. गेममध्ये त्या मोठ्या कॅशचा फायदा दिसतोच. माझ्या कामात तो किती दिसेल, हे त्यालाही सांगता येईना आणि मलाही ते विचारायचं सुचलं नाही.

१२ जुलैला एका विक्रेत्याकडून लेखी कोटेशन घेतलं. कोटेशन नेहमी लेखीच मागा. तोंडी ऐकलेलं घरी येईपर्यंत धूसर होतं, कागद मात्र दहा वेळा वाचता येतो. त्या कागदावर एकूण नऊ ओळी होत्या. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर होतं आणि पुढे ‘ट्रे’ असं लिहिलं होतं. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडिया कंपनीचं, आरटीएक्स ४० मालिकेतलं. खाली ‘७५० वॉट गोल्ड एसएमपीएस’, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि ‘१ टीबी एनव्हीएमई’, म्हणजे वेगवान एसएसडी. या दोन ओळींत कंपनी नाही, मॉडेल नाही. मी फोन करून मॉडेल विचारलं, तर ‘चांगल्याच कंपनीचा असतो, काळजी करू नका’ असं उत्तर मिळालं. कोटेशनची मुदत तीन दिवस. मी जवळजवळ होकार कळवला होता. थांबले ते फक्त मॉडेल नंबर मिळेना म्हणून.

त्यानंतरचे दोन आठवडे रोज रात्री परीक्षणं वाचण्यात आणि पाहण्यात गेले. तो काळ थकवणारा होता. एकाने डोक्यावर घेतलेली वस्तू दुसरा मोडीत काढायचा. हळूहळू मी काही गोष्टी वहीत टिपायला लागले: चाचणी कशी घेतली हे सांगितलंय का, वस्तू विकत घेतली की कंपनीने पाठवली, आणि लेखाची तारीख काय. तारखेचं महत्त्व मला इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांवरून कळलं. २०२२-२३ मधली त्यांची परीक्षणं कौतुकाने भरलेली आहेत. पुढे संगणक आपोआप बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. जुलै २०२४ मध्ये इंटेलने जादा व्होल्टेजचा दोष मान्य केला, ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी आधी कौतुक केलं होतं ते खोटं बोलत नव्हते, पण त्यातल्या कितीजणांनी परत येऊन जुन्या परीक्षणावर टीप लिहिली? ज्यांनी लिहिली, त्यांची नावं मी वहीत अधोरेखित केली.

एसएमपीएसबद्दलही तेव्हाच एक गैरसमज गेला. ८० प्लसचं ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे प्रमाणपत्र विजेची कार्यक्षमता सांगतं. गोल्डला निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के कार्यक्षमता लागते. व्होल्टेज किती स्थिर राहतं, शॉर्ट झाल्यावर संरक्षण वेळेवर काम करतं का, आतले कपॅसिटर कसे आहेत, यातलं काहीही त्या बिल्ल्यातून कळत नाही. म्हणून मॉडेलचं नाव लागतंच. ‘गोल्ड’ एवढ्यावर पैसे देऊ नका.

तिढा सुटला तो एका साध्या प्रश्नाने. आमच्या मुलाखतींचा आवाज ज्या स्टुडिओत साफ होतो, तिथल्या ध्वनिमुद्रकाला मी विचारलं, ‘तुमच्याकडचे संगणक बिघडले की कोण बघतं?’ आत्तापर्यंत मी ‘संगणकातलं कुणाला कळतं’ असं विचारत फिरत होते. ते विचारलं की हौशी माणसं भेटतात किंवा विक्रेते. दुरुस्त कोण करतं असं विचारलं की ज्यांच्या हाताखालून शेकडो बिघडलेली यंत्रं गेलीत अशी माणसं भेटतात. त्याने एका ताईंचा नंबर दिला. त्या दोन-तीन एडिटिंग स्टुडिओंची यंत्रं सांभाळतात आणि सुटे भाग विकत नाहीत.

२६ जुलैला त्यांना भेटले. दोन तासांची फी आधीच ठरवली होती, माझ्या बजेटच्या साधारण दोन टक्के. मी कोटेशन पुढे सरकवलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘तुमच्या कॅमेऱ्यातून फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये येते?’

मला सांगता आलं नाही. ‘फोर-के’ म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘तो आकार झाला. आत काय आहे?’ मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यांनी माझ्या लॅपटॉपवर टाकलं, माझीच एक क्लिप त्यात ओढली आणि तीन ओळींवर बोट ठेवलं: एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२.

मग त्यांनी मला कळेल असं सांगितलं. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. फाइल लहान राहावी म्हणून चित्र फार घट्ट दाबलेलं असतं आणि उलगडायला तितकेच कष्ट पडतात. हे उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळं सर्किट असतं. ते असेल तर प्रोसेसर मोकळा राहतो. पण प्रत्येक सर्किटला प्रत्येक प्रकार वाचता येत नाही. साध्या व्हिडिओत रंगाची माहिती ४:२:० असते, म्हणजे चार ठिपक्यांमागे रंगाचा एक नमुना. माझा कॅमेरा ४:२:२ लिहितो, म्हणजे त्याच्या दुप्पट. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतलं अंगचं ग्राफिक्स हा प्रकार वाचतं. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये तो आला थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत, ४० मालिकेत नाही.

‘आणि हे अक्षर बघितलंत?’ म्हणत त्यांनी कोटेशनमधल्या ‘एफ’भोवती पेन्सिलीने गोल काढला. इंटेलच्या नावात एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. थोडक्यात, माझ्या फाइली उलगडणारं सर्किट त्या कागदावरच्या प्रोसेसरमध्ये नव्हतं आणि कार्डातही नव्हतं. एवढी रक्कम घालून मी पुन्हा रात्रभर प्रॉक्सीच बनवत बसले असते. तो पेन्सिलीचा गोल असलेला कागद मी जपून ठेवलाय.

पण त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो यानंतरच्या वाक्याने. ‘माझं ऐकून घेऊ नका. इंटेलच्या कागदपत्रांत कुठली पिढी कुठला फॉरमॅट वाचते याचा तक्ता आहे, एनव्हिडियाचाही आहे. तुमची ओळ शोधा. सापडली नाही तर मला फोन करा, मी चुकले असेन.’ तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःची चूक पकडायची जागा मला दाखवून देत होतं. घरी येऊन दोन्ही तक्ते उघडले. ओळ सापडली, त्या म्हणाल्या तशीच. मॉनिटरच्या रंगांबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्यातलं मला पुरेसं कळत नाही, कलर ग्रेडिंग करणाऱ्याला विचारा.’ तेही मी वहीत लिहून ठेवलं.

आठवड्याभरात यादी नव्याने झाली. प्रोसेसर कोअर अल्ट्रा ७ २६५के, ‘केएफ’ नव्हे. ग्राफिक्स कार्ड सध्या नाहीच. ‘महिनाभर कार्डाशिवाय काम करा, कुठे अडतं ते बघा आणि मग ठरवा,’ असं ताईंचं म्हणणं. रॅम ६४ जीबी, पण ३२ च्या दोन पट्ट्या. डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. दोन एसएसडी, दोन्ही टीएलसी प्रकारच्या. दुसऱ्या, क्यूएलसी प्रकारची एसएसडी स्वस्त असते, पण तिच्यातली तात्पुरती साठवण (तिची कॅश) भरल्यावर तिचा लिहिण्याचा वेग खूप घसरतो आणि माझ्या फाइली शेकडो जीबींच्या. सगळ्या ओळींत मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत.

मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचं, मॅन्युअल तो बोर्ड विकत घेण्याआधीच वाचा. कंपन्या ते पीडीएफमध्ये मोफत ठेवतात. माझ्या पहिल्या पसंतीच्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये तळाला बारीक टीप होती की एक एम.२ स्लॉट (एसएसडीची खाच) वापरला तर साटाचा (डिस्कची वायर लावायचा) एक पोर्ट बंद होतो. जुन्या फुटेजच्या चार साटा डिस्क लावायच्या असल्याने तो बोर्ड मला बाद करावा लागला.

२ ऑगस्टला ही यादी ताईंना आणि भाच्यालाही पाठवली. भाचा आधी नाराज झाला. ‘मावशी, गेमिंगमध्ये या प्रोसेसरला फार चांगले रिव्ह्यू नाहीत गं.’ खरं होतं ते. मी गेम खेळत नाही म्हटल्यावर तो यादी घेऊन बसला आणि दोघींच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट त्याने शोधली. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कुलरची उंची १६५ मिमी आणि केबिनेटमध्ये जागा १६० मिमी. झाकण लागलंच नसतं. एकाच माणसाला सगळं दिसत नाही, म्हणून यादी निदान दोघांना दाखवा.

खरेदीला तीन आठवडे गेले. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून वस्तू घेतल्या. प्रत्येक बिलावर सिरियल नंबर लिहून मागितला, कारण वॉरंटीच्या वेळी बिल आणि वस्तू जुळवून बघतात. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घेतला. ट्रे प्रोसेसरला खोक्यावरची कंपनीची वॉरंटी नसते, त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. पहिल्या कोटेशनमधल्या ‘ट्रे’ शब्दाचा अर्थ मला असा उशिरा लागला. रॅम आली ती क्षमता आणि वेग तोच, पण पार्ट नंबरची शेवटची अक्षरं वेगळी. बोर्डाच्या मान्य रॅमच्या यादीत तो नंबर नव्हता. परत करायला अर्ज, खोक्याचे चार बाजूंनी फोटो आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओ मी काढला होता म्हणून बरं. रक्कम नवव्या दिवशी जमा झाली. ते नऊ दिवस बाकीचे भाग टेबलावर न उघडता पडून होते आणि मनात सतत एकच विचार यायचा की आपल्याला हे जमणार आहे का.

३० ऑगस्ट, शनिवार. सकाळी नऊला टेबल पुसून सुरुवात केली, फोन बंद ठेवला. सगळ्यात भीतीची जागा प्रोसेसर बसवण्याची. इंटेलच्या सॉकेटमध्ये केसासारख्या पिना असतात आणि त्या वाकल्या तर बोर्ड गेला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, दोन्ही कडांनी धरून सरळ खाली ठेवला, दाबला नाही. मग लोखंडी दांडी खाली घेतली. तिला लागतो तो जोर कुणीतरी आधी सांगायला हवा. करकर आवाज येतो, काहीतरी मोडतंय असंच वाटतं, आणि वरचं काळं प्लॅस्टिकचं टोपण टक् करून उडतं. ते टोपण फेकू नका. बोर्ड वॉरंटीत पाठवायचा झाला तर सॉकेटवर ते लावून पाठवावं लागतं.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. केबिनेटमधले पितळी उंचवटे बोर्डाच्या भोकांशी मोजून घेतले, कारण भोक नसलेल्या जागी एखादा राहिला तर मागून शॉर्ट होऊ शकतं. प्रोसेसरची आठ पिनांची वायर मोठा कुलर बसवण्याआधीच ओढून घ्या. मी नंतर ओढली आणि बोटं सोलून निघाली. एसएमपीएसला फक्त त्याच्या खोक्यातल्याच वायरी लावा. दुसऱ्या मॉडेलच्या वायरी तशाच दिसतात, बसतातही, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते.

दुपारी साडेतीनला बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा लागलेला. एक मिनिट, दोन मिनिटं. हात बटणाकडे गेला होता. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ लागतो. दहा मिनिटं हात लावायचा नाही.’ मी खुर्ची मागे सरकवून हात मांडीखाली घेतले. चौथ्या मिनिटाला दिवा विझला आणि पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं. मला रडू आलं.

काम तिथे संपलं नव्हतं. पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चालवलं. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात आणि ६४ जीबीला त्याला रात्र पुरली नाही. साध्या वेगावर चारही फेऱ्या स्वच्छ. पण बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये) एक्सएमपी हे सेटिंग चालू करून रॅम तिच्या छापील वेगावर आणली, तर तिसऱ्या फेरीत चुका. संगणक मात्र वरवर अगदी व्यवस्थित चालत होता आणि म्हणूनच ही चाचणी टाळू नका, अशी रॅम तुमच्या नकळत फाइली खराब करते. ताईंना कळवलं, त्यांनी बायोसची आवृत्ती विचारली. बोर्डाच्या कंपनीने नवी आवृत्ती आणली होती आणि तिच्या टिपणात मेमरी सुसंगतीत सुधारणा असा उल्लेख होता. ती टाकली, पुन्हा पहिल्यापासून चाचणी लावली. चार फेऱ्या, शून्य चुका. त्यात ३ सप्टेंबर उजाडला.

त्या दिवशी जुलैमधली तीच क्लिप उघडली. आजी सलग बोलल्या, मधे कुठे थिजल्या नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख वर चढलेला आणि प्रोसेसरचा वापर वीस टक्क्यांच्या आत. त्या रात्री प्रॉक्सी बनवायला काही लावलं नाही. संगणक बंद करून झोपले.

महिनाभर कार्डाशिवाय काम केल्यावर अडलं ते एकाच ठिकाणी, अंधाऱ्या खोलीत घेतलेल्या चित्रातला दाणेदारपणा काढताना. भाच्याने नवं कार्ड घेतलं होतं, म्हणून त्याचं जुनं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, मी त्याच्याकडून घेतलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यानेच बसवून दिलं. दाणे काढायचं काम झपाट्याने व्हायला लागलं. पण क्लिप पुन्हा अडखळू लागली, अगदी जुलैसारखी.

भाचा कार्डाचे ड्रायव्हर तपासू लागला. मी टास्क मॅनेजर उघडला. तिथे एकच ग्राफिक्स दिसत होतं, कार्डाचं. प्रोसेसरचं अंगचं ग्राफिक्स यादीतून गेलं होतं. माझ्या बोर्डावर कार्ड बसवलं की ते आपोआप बंद होतं आणि बायोसमधलं ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ हे सेटिंग हाताने चालू करावं लागतं. चालू केलं, संगणक परत सुरू केला. आता यादीत दोन ग्राफिक्स होती आणि क्लिप सलग चालली.

‘मावशी, हे कुठे लिहिलंय?’ भाच्याने विचारलं. ‘पान दाखव मला.’

मी मॅन्युअल काढून त्याच्यासमोर ठेवलं.